आत्मा नव्हता, म्हणून गुन्हाही नव्हता का?

गेल्या अंकात ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकी मालिकेवर लिहिलेल्या छोट्या टिपणाला एवढी पत्रे येतील असे मला वाटले नव्हते. मालिका 1997 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि 2003 च्या मे महिन्यात सात पर्वे आणि 144 भाग पूर्ण करून संपली, तरी तिच्यातल्या माणसांवरून (आणि माणसे नसलेल्यांवरून) होणारे वाद काही संपलेले नाहीत. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावाखाली नरकाचे तोंड आहे, आणि बफी समर्स या शाळकरी मुलीच्या वाट्याला रक्तपिशाच्चांचा नायनाट करण्याचे, म्हणजेच ‘स्लेयर’ होण्याचे काम आले आहे. माणूस रक्तपिशाच्च झाला की त्याचा आत्मा निघून जातो, देहाचा ताबा एक असुर घेतो, पण आठवणी आणि आवाज त्या माणसाचेच राहतात, हा या मालिकेचा मूळ नियम. बहुतेक सगळी भांडणे या एका नियमापाशी येऊन थांबतात. उत्तरे देताना कथानक उघड करणे भाग आहे, हे मालिका पुढे पाहू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी कायद्याचा अभ्यास करते. हेतू नसेल तर गुन्हा सिद्ध होत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. एंजेलचा आत्मा गेल्यावर त्याच्या देहाने जे खून केले त्यांत एंजेलचा हेतू नव्हताच, कारण तो तिथे नव्हताच. मग आत्मा परत आल्यावर बफीचे मित्र त्याच्याशी गुन्हेगारासारखे का वागतात? हा अन्याय नव्हे काय?
— कायद्याची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपला युक्तिवाद न्यायालयात टिकेल, पण तो टिकण्यासाठी ‘तो तिथे नव्हताच’ हे विधान खरे असावे लागेल, आणि मालिका नेमके तेच ठामपणे म्हणत नाही.

आधी प्रसंग पाहू. बफीचा प्रियकर एंजेल हा 1727 साली गॅलवेत जन्मलेला आयरिश माणूस, 1753 साली रक्तपिशाच्च झालेला. 1898 मध्ये त्याने रोमानियात एका जमातीतल्या मुलीचा जीव घेतला, तेव्हा त्या लोकांनी त्याला शाप दिला. आत्मा परत मिळेल आणि केलेल्या प्रत्येक कृत्याची आठवण त्याला जाळत राहील, असा तो शाप होता, आणि परिपूर्ण सुखाचा एक क्षण लाभला की आत्मा पुन्हा जाईल, हे त्यातले पोटकलम. दुसऱ्या पर्वात बफीच्या सहवासात तो क्षण येतो आणि एंजेल पुन्हा जुना क्रूर एंजेलस होतो. जेनी कॅलेंडर ही शाळेतली संगणकाची शिक्षिका आत्मा परत आणण्याच्या विधीचे भाषांतर करत असते. एंजेलस तिला शाळेत गाठून तिची मान मोडतो. एवढ्यावर तो थांबत नाही. तो तिचा देह शाळेचा ग्रंथपाल आणि बफीचा मार्गदर्शक असलेल्या जाइल्सच्या घरी नेऊन वरच्या मजल्यावर पलंगावर ठेवतो. दाराशी गुलाब, घरात संगीत, मद्याची बाटली. जेनीवर प्रेम करणारा जाइल्स हे सगळे तिनेच मांडले आहे असे समजून हसऱ्या चेहऱ्याने जिना चढतो. इकडे शाळेत, जेनीने भाषांतर ज्या डिस्कवर उतरवले होते ती मेजाच्या फटीत घसरून पडलेली आहे आणि कोणाला त्याचा पत्ता नाही.

आता विचार करा. खून करण्यासाठी जिना, गुलाब आणि संगीत यांची गरज नव्हती. जाइल्सला काय आवडते, तो घरात शिरल्यावर काय समजेल आणि कोणत्या पायरीवर त्याचे हृदय फुटेल, हे ठाऊक असणाऱ्यानेच हे रचले. हे ज्ञान असुराने बाहेरून आणलेले नाही. ते एंजेलने या माणसांच्या सोबत बसून मिळवलेले आहे. तिसऱ्या पर्वात एक मजेदार जागा आहे. बफीची मैत्रीण विलो हिला तिचेच रक्तपिशाच्च रूप भेटते आणि ती घाबरते, तेव्हा बफी तिला धीर देते, की रक्तपिशाच्चाच्या स्वभावाचा मूळ माणसाशी काही संबंध नसतो. शेजारी उभा असलेला एंजेल ‘खरे तर...’ म्हणून तोंड उघडतो, आणि बफीची नजर आपल्यावर आहे हे लक्षात येताच तिचा मुद्दा बरोबर आहे असे म्हणून माघार घेतो. विनोद म्हणून येऊन जाणारे हे दोन शब्द मला साक्षीदाराच्या जबानीइतके वजनदार वाटतात. साक्षीदार आरोपीच आहे, हे आणखी एक.

तरीही एंजेलला शिक्षा व्हावी असे मी म्हणत नाही. शिक्षा आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. शिक्षा करायची की नाही हे न्यायाधीश ठरवतो. आपल्या घरात कोणाला घ्यायचे हे घरमालक ठरवतो, आणि त्यासाठी त्याला कायद्याचे कलम दाखवावे लागत नाही. या मालिकेतल्या रक्तपिशाच्चांना आमंत्रणाशिवाय घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. तिसऱ्या पर्वात मृतांच्या भासांनी पछाडलेला एंजेल मदत मागायला जाइल्सच्या दाराशी येतो आणि बाहेरच अडतो, कारण त्याला आता आत यायची मुभा नाही. जाइल्स आत जातो, धनुष्य घेऊन येतो, ते त्याच्यावर रोखतो आणि मग त्याला आत बोलावतो. त्याने मदत नाकारलेली नाही, पण झालेले विसरलो असे सोंगही आणलेले नाही. मला यात अन्याय दिसत नाही. जाइल्सने याहून उदार होणे ही कृपा झाली असती. ती मागण्याचा हक्क एंजेलला नव्हता, आणि त्याचे मोठेपण असे की तो ती मागतही नाही.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि ही मालिका तिच्यासोबत मीही पाहते. सतरा वर्षांची बफी आणि दोनशे चाळीसहून अधिक वर्षांचा एंजेल यांची प्रेमकथा एवढी हळुवारपणे दाखवणे मला खटकते. मुलीला हे सांगावे की बोलूच नये?
— एक आई

उत्तर : खटकते ते योग्यच खटकते. चेहरा तरुण असला म्हणून अनुभवातले अंतर नाहीसे होत नाही, आणि पहिल्या दीड पर्वात मालिका त्या अंतराकडे बहुतेक डोळेझाक करते. संगीत लावले की प्रेक्षक वय विचारत नाही, ही युक्ती जुनी आहे.

मात्र सतराव्या वाढदिवसाच्या रात्रीनंतरचे दोन दिवस मालिकेने ज्या निर्दयपणे लिहिले आहेत, ते पाहिल्यावर माझी तक्रार थोडी सौम्य होते. बफी त्याच्या घरी जाते. तिला अजून आत्मा गेल्याचे ठाऊक नाही. तो शर्ट चढवत, तिच्याकडे नीटसे न पाहता, एवढे मनावर घेण्यासारखे काय आहे अशा सुरात बोलतो आणि ‘फोन करीन’ म्हणून निघून जातो. त्या खोलीत असुर, शाप, जादू यांपैकी काहीही दिसत नाही. दिसते ती फक्त एक मुलगी, आपले काय चुकले हे शोधणारी. हा भाग 1998 च्या जानेवारीत दाखवला गेला आणि आजही तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो.

मुलीशी बोलायचे असेल तर एंजेलच्या वयावरून सुरुवात करू नका. त्याच भागाच्या शेवटी मोटारीत बसलेल्या जाइल्सपासून करा. बफी त्याला म्हणते की तुम्हाला माझी निराशा वाटत असेल. जाइल्स तिला सांगतो की दोष ऐकायचा असेल तर तो माझ्याकडून मिळणार नाही. माझ्याकडून मिळेल तो आधार आणि आदर. सोळा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाच्या तोंडून असे वाक्य एकदा तरी ऐकावे. ते आपल्या तोंडून ऐकले तर फारच उत्तम.

प्रश्न : आम्हा दोघी बहिणींत पैज लागली आहे. माझे म्हणणे असे की स्पाइक एंजेलपेक्षा श्रेष्ठ आहे. एंजेलवर आत्मा लादला गेला, स्पाइकने तो स्वतः मागून आणला. वाल्याचा वाल्मीकी झाला त्याला आपण वंदन करतो, मग स्पाइकला का नाही? बहीण म्हणते, न्हाणीघरातला तो प्रसंग पाहिल्यावर स्पाइकचे नाव काढू नकोस. पैज कोणी जिंकली?
— दोघींपैकी धाकटी

उत्तर : पैज बहिणीने जिंकली असे मी म्हणणार नाही, पण तिचे बोलणे आपण पुरते ऐकून घेतलेले दिसत नाही.

स्पाइक हाही एक रक्तपिशाच्च, पुढे बफीच्या प्रेमात पडलेला. त्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी म्हणतो, कारण ते थोडेथोडके नाही. चौथ्या पर्वात सरकारी प्रयोगशाळेने त्याच्या डोक्यात बसवलेल्या चिपमुळे तो माणसाला इजा करू शकत नाही. तो काही सद्गुण नव्हे, तो पिंजरा आहे. पण पाचव्या पर्वात ग्लोरी ही देवता त्याचा छळ करून एक गुपित काढू पाहते, आणि बफीची बहीण डॉन हिचा जीव त्या गुपितावर अवलंबून असतो. तेव्हा तो मार खातो, रक्तबंबाळ होतो, पण नाव सांगत नाही. तिथे चिपचा काही संबंध नाही. आत्मा नसलेल्या प्राण्याने दुसऱ्यासाठी सोसण्याची निवड केली.

आणि इथेच आपला युक्तिवाद आपल्यावरच उलटतो. आत्मा नसताना तो भले निवडू शकतो, हे एकदा मान्य केले की आत्मा नसताना त्याने जे वाईट केले तेही त्याने निवडले, हे मान्य करावेच लागते. सहाव्या पर्वाच्या अखेरीस, 2002 च्या मे महिन्यात दाखवलेल्या भागात, बफी जखमी अवस्थेत न्हाणीघरात असताना तो तिच्यावर बळजबरी करू पाहतो. ती ओरडते, विनवते, शेवटी त्याला लाथेने भिंतीवर फेकते. पार्श्वसंगीत नाही, फक्त पांढऱ्या फरशा आणि तिचा आवाज. ‘तो रक्तपिशाच्च आहे, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा’ असे म्हणणाऱ्यांनी ग्लोरीच्या छळाचा प्रसंग पुराव्यात आणू नये, आणि तो पुराव्यात आणणाऱ्यांनी न्हाणीघर गाळू नये. एकाच माणसाला सोयीप्रमाणे एकदा आत्म्यासकट आणि एकदा आत्म्याशिवाय मोजता येत नाही.

त्यानंतर तो आफ्रिकेत जातो, जीवघेण्या परीक्षा देतो आणि आत्मा मिळवतो. आपण केलेले कृत्य त्याला स्वतःलाच असह्य झाले, हे खरे आहे आणि दुर्मिळ आहे. वाल्याची उपमा तिथवर चालते. पण ती कथा आपण ज्या रीतीने सांगतो, तिच्यात एक गोष्ट मला लहानपणापासून खुपत आली आहे. वाल्या घरी जाऊन बायकामुलांना विचारतो की माझ्या पापात वाटेकरी व्हाल का. ती नाही म्हणतात. त्याला उपरती होते, अंगावर वारूळ चढते, ऋषी जन्मतो. ज्या वाटसरूंना त्याने मारले त्यांच्या घरी मात्र कथा एकदाही जात नाही. रांजणात पडलेल्या खड्यांना नावे नसतात.

या मालिकेत त्यातला एक खडा बोलतो. 1977 साली न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्पाइकने निकी वूड या त्या काळच्या स्लेयरला मारले आणि तिचा लांब चामडी कोट काढून स्वतःच्या अंगावर चढवला. तोच कोट घालून तो पुढे सनीडेलमध्ये रुबाबात वावरतो, आणि आपण प्रेक्षक त्या कोटावर लुब्ध होतो. निकीचा लहान मुलगा रॉबिन मोठा होऊन सातव्या पर्वात शाळेचा मुख्याध्यापक म्हणून येतो. चारही भिंतींवर क्रूस लावलेल्या खोलीत तो स्पाइकला कोंडून मारू पाहतो. जाइल्स त्याला सामील असतो. बफीला काही कळू नये म्हणून तो तिला कब्रस्तानात धडे देत रेंगाळत ठेवतो. स्पाइक तिथून जिवंत सुटतो, रॉबिनलाही जिवंत सोडतो, पण क्षमा मागत नाही. आईच्या प्रेमावरून त्याला टोचून बोलतो आणि कोट उचलून बाहेर पडतो.

आत्मा मिळालेल्या स्पाइकचे हे वागणे मला त्याच्या आधीच्या बऱ्याच पातकांपेक्षा जास्त खटकते. बफीची क्षमा मिळवण्यासाठी तो जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला, कारण तिच्यावर त्याचे प्रेम होते. जिच्यावर प्रेम नव्हते तिच्या मुलाला कोट परत करण्याएवढेही त्याला सुचले नाही. तेव्हा धाकट्या बाईंना माझे उत्तर असे : स्पाइकने एंजेलपेक्षा मोठी झेप घेतली, पण ती एकाच माणसाच्या दिशेने घेतली. पैजेचे पैसे दोघींनी वाटून घ्यावेत.

प्रश्न : झँडर खोटे बोलला ते बरोबर की चूक? एका ओळीत सांगा.
— एक घाईतला वाचक

उत्तर : चूक. आपल्याला घाई असली तरी बाकीच्यांसाठी कारणे देतो.

झँडर हा बफीचा शाळेतला मित्र. प्रसंग दुसऱ्या पर्वाच्या शेवटचा. एंजेलस जग नरकात ओढून नेण्याच्या तयारीत आहे. रुग्णालयात डोक्याला पट्टी बांधून पडलेली विलो ती हरवलेली डिस्क सापडल्यामुळे आत्मा परत आणण्याचा विधी पुन्हा करायचे ठरवते आणि झँडरला निरोप देते, की बफीला सांग, थोडा वेळ काढ. झँडर पहाटे वाटेत बफीला गाठतो. ‘विलोने तुला सांगायला सांगितले आहे...’ इथे तो क्षणभर थांबतो, आणि मग निरोपाऐवजी ‘त्याला चांगला चोप दे’ अशा अर्थाचे काहीतरी सांगतो. तो क्षणभराचा थांबा फार महत्त्वाचा आहे. जीभ घसरली असे म्हणायला त्यात जागा राहत नाही.

बफी लढते. ऐन वेळी एंजेलच्या डोळ्यांत प्रकाश चमकतो, तो गुडघ्यांवर कोसळतो, तिचे नाव गोंधळून उच्चारतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. पण त्याच्या मागे नरकाचे दार उघडलेले आहे आणि ते फक्त त्याच्याच रक्ताने मिटणार आहे. ती त्याला मिठी मारते, चुंबन घेते, डोळे मिटायला सांगते आणि तलवार खुपसते. (तिसऱ्या पर्वात एंजेल परततो, पण हे तेव्हा तिला ठाऊक नाही.) त्यानंतर ती गाव सोडून लॉस एंजेलिसला जाते.

झँडरचे समर्थक म्हणतात की खरे सांगितले असते तर ती कचरली असती आणि जग बुडाले असते. शक्य आहे. तिने वेळ काढला असता तर दार उघडण्याआधीच आत्मा परतला असता, हेही तितकेच शक्य आहे. निकालावरून हा वाद मिटणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे : तलवार तिच्या हातात होती, मरण-मारण्याचा भार तिच्यावर होता, आणि ज्या माहितीवर तिने निर्णय घ्यायचा ती माहिती झँडरने परस्पर आपल्या खिशात ठेवली. त्यात जेनीच्या खुनाचा संताप होता आणि बफीवरच्या स्वतःच्या प्रेमातून आलेला मत्सरही होता, त्यामुळे कोणत्या भावनेने तो बोलला हे बहुधा त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा चार अंगुळे वर चालणारा रथ तेवढ्याने जमिनीला टेकला, असे सांगतात. झँडरचा रथ पहिल्यापासून जमिनीवरच होता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही एवढेच. चार वर्षांहून अधिक काळाने, 2002 च्या ऑक्टोबरमधल्या एका भागात, बफी त्याला तो निरोप ऐकवते आणि शेजारची विलो चकित होऊन म्हणते की मी तसे बोललेच नव्हते. भांडण लगेच दुसरीकडे वळते. इतकी वर्षे दाबून ठेवलेल्या गोष्टीला मालिकेने अर्धा मिनिटही दिलेला नाही, हा मात्र लेखकांचा दोष.

प्रश्न : विलोने वॉरनची कातडी सोलली ते भयानकच होते, पण त्याआधी टाराच्या बाबतीत तिच्या हातून जे झाले त्याचा एवढा बाऊ का केला जातो? भांडण विसरावे म्हणून तिने एक छोटासा मंत्र टाकला. हेतू प्रेमाचाच होता ना?
— विलोची चाहती

उत्तर : मला उलट वाटते. वॉरनच्या खुनाबद्दल जितके बोलले जाते त्याच्या निम्मेही या ‘छोट्याशा मंत्रा’बद्दल बोलले जात नाही. वॉरनच्या गोळीने टारा मेली आणि विलोचे भान सुटले. ते दुःख आपल्याला समजते, आणि ते समजते म्हणूनच तो अपराध पाहणे सोपे जाते. दुसरा अपराध पाहायला अवघड, कारण त्यात कोणी ओरडत नाही.

विलो आणि टारा या एकमेकींवर मनापासून प्रेम करणाऱ्या दोघी. विलो जादूचा अतिरेक करते आहे असे टारा म्हणते, त्यावरून भांडण होते, आणि विलो एका वनस्पतीची डहाळी वापरून ते भांडण टाराच्या स्मरणातून पुसून टाकते. सकाळी टारा उठते ती आनंदात. तिला उशीखाली ती डहाळी मिळते आणि सुंदर दिसते म्हणून ती आपल्या कपड्याला खोचून घेते. आपल्यावर ज्याने घाला घातला ते हत्यार ती दिवसभर दागिन्यासारखे मिरवते. पुढे डॉन सहज बोलून जाते की तुमचे भांडण मिटले हे बरे झाले, आणि टारा विचारात पडते : कोणते भांडण? मग जादूच्या दुकानातल्या ग्रंथात तिला त्या वनस्पतीचे चित्र दिसते. विस्मरणाच्या मंत्रांसाठी उपयुक्त.

भांडण मिटवायला दोन माणसे लागतात. विलोने एकटीनेच ते मिटवले, म्हणजे तिने टाराचा आक्षेप खोडून काढला नाही, आक्षेप घेणारी टाराच खोडून काढली. त्याच्या आदल्या पर्वात ग्लोरीने टाराची बुद्धी हिरावून तिला वेड लावले होते, आणि महिनाही न दवडता विलोने जिवावर उदार होऊन ती परत आणली होती. ज्या मनासाठी ती देवतेशी लढली त्याच मनात ती काही महिन्यांनी चोरपावलाने शिरली. टारा हे बोलून दाखवते तेव्हा विलोकडे उत्तर नसते. आठवडाभर जादू करायची नाही असे ती कबूल करते, आणि लगेच बफीच्या स्मरणातून तिचे दुःख पुसायला दुसरा मंत्र टाकते. तो बिघडतो, सगळेच आपापली नावे विसरतात, आणि भानावर आल्यावर टारा सामान बांधून निघून जाते.

हेतू प्रेमाचा होता का, असे आपण विचारता. होता. पण ते प्रेम टारावर होते की टारा आपल्यावर रुसलेली नाही या अवस्थेवर होते, हे विलोने तपासून पाहिले नाही. नात्यांत मने सांभाळणारी जी माणसे असतात, त्यांच्या हाती मंत्र नसतात एवढेच बरे.

प्रश्न : फेथने चुकून उपमहापौराला मारले. अपघातच तो. मग ती खलनायिका का?
— एक विद्यार्थी

उत्तर : फेथही बफीसारखीच एक स्लेयर. ती खलनायिका ठरते ती त्या रात्रीच्या वारामुळे नव्हे. काळोखात रक्तपिशाच्च समजून तिने माणसाच्या छातीत खुंटी मारली. तिथवर ती आणि शेजारी उभी असलेली बफी सारख्याच दुर्दैवी. दुसऱ्या दिवशी ‘मला त्याचे काही वाटत नाही’ असे ती म्हणाली आणि मग ते खरे करून दाखवण्याच्या मागे लागली. पुढे ‘एंजेल’ या उपमालिकेत ती आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देते. या सगळ्या मंडळींत माणसांच्या कायद्यापुढे स्वतःहून उभी राहिलेली ती एकटी, आणि तिला शाप, आत्मा, असुर यांपैकी कोणतीही सबब उपलब्ध नव्हती.

प्रश्न : पाचव्या पर्वाच्या शेवटी जाइल्स निःशस्त्र बेनला ठार मारतो. आजवर ज्याला आदर्श मानले त्या माणसाने हे केल्यापासून मी अस्वस्थ आहे. त्याच्या जागी आपण असता तर काय केले असते?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपला प्रश्न मी सगळ्यांत शेवटी ठेवला, कारण वरच्या सगळ्या उत्तरांत मी जो आव आणला आहे तो इथे टिकत नाही.

बेन हा तरुण डॉक्टर आणि ग्लोरी ही देवता एकाच देहात राहतात. बफी ग्लोरीला हातोड्याने इतके झोडपते की ग्लोरी क्षीण होऊन तिच्या जागी बेन उरतो. बफी त्याला पुन्हा आमच्या वाटेला येऊ नकोस अशी ताकीद देऊन बहिणीला वाचवायला धावते. बेन काही निष्पाप नाही. अखेरीस जीव वाचवण्याच्या आशेने त्याने डॉनला स्वतः ग्लोरीच्या हवाली केलेले आहे. पण त्या घटकेला तो जमिनीवर पडलेला, धाप लागलेला माणूस आहे. जाइल्स त्याच्याजवळ गुडघे टेकून बसतो, अगदी शांतपणे बोलतो. बेन जगला तर ग्लोरी परतेल आणि आज बफीने दिलेल्या जीवदानाची किंमत तिला चुकती करायला लावील. तिला हे ठाऊक असूनही ती माणसाला मारणार नाही, कारण ती वीर आहे, आपल्यासारखी नाही. ‘आपल्यासारखी?’ असे बेन विचारतो, तोवर जाइल्सचा हात त्याच्या नाकातोंडावर दाबला गेलेला असतो. हा भाग 2001 च्या मे महिन्यातला.

झँडरने बफीची माहिती लपवली म्हणून मी त्याला दोषी धरले. विलोने टाराचे स्मरण पुसले म्हणून तिलाही. जाइल्सने बफीने घेतलेला निर्णय तिच्या पाठीमागे फिरवला. तिसऱ्या पर्वात त्याने असेच केले होते : अठराव्या वाढदिवशीच्या परीक्षेसाठी तिला नकळत औषध टोचून तिची शक्ती काढून घेतली होती, आणि मग राहवेना म्हणून स्वतःच तिला सांगून टाकले होते. सातव्या पर्वात रॉबिनला साथ दिल्याचे कळल्यावर बफी त्याच्या तोंडावर दार लावून घेते ते उगाच नाही. तेव्हा माझ्याच मापाने जाइल्स दोषी ठरतो, आणि मी ते माप इथे आखूड करणार नाही.

फरक मला एवढाच दिसतो की झँडर आणि विलो यांनी जे केले त्यातून त्यांचा स्वतःचा काही लाभ होता. जाइल्सला त्या कृत्यातून जे मिळाले ते फक्त ‘आपल्यासारखी’ या शब्दातले आपलेपण, म्हणजे बेनच्या पंक्तीत जाऊन बसणे. फरक मोठा आहे, पण त्याने मेलेला माणूस जिवंत होत नाही.

आपण विचारता की मी काय केले असते. प्रामाणिकपणे सांगायचे तर मी बफीच्या मागून निघून गेलो असतो, आणि मागे राहिलेल्या कोणीतरी ते काम उरकावे अशी मनातून इच्छा केली असती. ते कोणी केले हे मला कळू नये, असेही मला वाटले असते.